जमिनीवरून उठता यावे म्हणून : चालणे आणि रोजची हालचाल

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका वाडीत आजाऱ्यांच्या भेटी घेत असताना एका शेतकरी कुटुंबात गेलो होतो. घरचे कर्ते काका अडुसष्ट वर्षांचे. भात आणि रताळी करणारे घर. आदल्या दिवशी सकाळी गोठ्यात शेण भरताना त्यांचा पाय घसरला आणि ते खाली बसले. डोक्याला मार लागला नाही, हाड मोडले नाही, रक्त आले नाही. तरीही ते जवळजवळ दोन तास त्या ओल्या गोठ्यात तसेच होते. मुलगा शेतावर गेला होता, सूनबाई बाजाराला गेल्या होत्या. शेवटी दुधाला आलेल्या शेजारणीने हाक ऐकली.

"फादर, लागलं काहीच नाही," काका मला म्हणाले, "पण उठताच येईना. पाय कुठे टाकायचा आणि हात कुठे, तेच समजेना."

ज्या माणसाने चाळीस वर्षे नांगर धरला, डोक्यावरून भाताचे भारे आणले, त्याला जमिनीवरून उठता येऊ नये, याचे मला नवल वाटले. मग गोष्टी निघाल्या. सात-आठ वर्षांपूर्वी गुडघे दुखू लागले, म्हणून पाटावर जेवायला बसणे सोडले. मुलाने खुर्ची आणली. नंतर अंथरूण जमिनीवरून खाटेवर गेले. संडास बैठ्याऐवजी खुर्चीसारखा झाला. शेतात जायला मोटरसायकल आली, आणि विहिरीवरची मोटर मोबाईलवरून घरबसल्या चालू होऊ लागली. यातील एकेक सोय चांगलीच आहे आणि एकेकीला कारणही आहे. पण त्या सर्व सोयी मिळून असे झाले की काकांचे शरीर सात-आठ वर्षांत जमिनीपर्यंत एकदाही गेले नव्हते. त्या दिवशी अचानक गेले, तेव्हा परतीची वाट त्याला आठवली नाही.

रविवारच्या मिस्सेलाही मला हेच दिसते. मागच्या भिंतीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्या दरवर्षी वाढतात. गुडघे टेकणे ज्यांना जमत नाही त्यांनी खुशाल बसावे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्या खुर्च्यांवर पन्नाशीची माणसेही दिसू लागली, म्हणून या वेळी आपल्या पानावर शरीराच्या मोकळेपणाविषयी चार गोष्टी लिहीत आहे.

सांधा कशावर जगतो?

मटणाच्या हाडाच्या टोकाला एक पांढरट, गुळगुळीत, चिवट थर असतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला कूर्चा म्हणतात. आपल्या गुडघ्यात, खुब्यात, खांद्यात, दोन हाडे जिथे भेटतात तिथे तसेच अस्तर असते. या कूर्चेची एक विशेष गोष्ट अशी की तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. बाकीच्या शरीराला रक्त घरपोच अन्न पोचवते. कूर्चेला तशी सोय नाही. सांध्यात जो थोडासा बुळबुळीत द्रव असतो, त्यातूनच तिला आपले अन्न घ्यावे लागते.

ते ती कसे घेते? भांडी घासण्याचा स्पंज पाण्यात दाबून सोडला की घाण पाणी बाहेर जाते आणि नवे आत येते. कूर्चेचेही तसेच आहे. पाऊल टाकले की गुडघ्यावर भार येतो आणि ती दाबली जाते. पाऊल उचलले की सुटते. असे दाबणे-सोडणे चालू राहिले तरच तिचे पोषण होते. "फादर, माझ्या गुडघ्यातलं वंगण संपलंय," असे आपली माणसे म्हणतात. वंगण डब्यात भरून ठेवल्यासारखे नसते. सांध्याचे अस्तर ते सतत तयार करीत असते, आणि हालचालीमुळेच ते सगळीकडे पसरते. म्हणून वंगण संपले या भीतीने गुडघा हलवायचाच बंद करणे हा उलटा उपाय झाला.

दुसरी गोष्ट सांध्याभोवतीच्या आवरणाची व स्नायूंची. हात मोडल्यावर सहा आठवडे प्लास्टर घातलेला मुलगा आपण पाहिला असेल. प्लास्टर काढले की तो हात दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसतो आणि कोपर पुरते वाकत नाही. हाड जुळलेले असते. पण न वापरलेला स्नायू रोडावलेला असतो आणि न हललेले आवरण आखडलेले असते. मुलगा खेळू लागला की ते हळूहळू सुटते. जो माणूस वर्षानुवर्षे जमिनीवर बसत नाही, हात डोक्यावर नेत नाही, मान वळवून मागे पाहत नाही, त्याने आपल्या त्या त्या सांध्याला न दिसणारे प्लास्टरच घातले आहे असे समजावे.

तीन आठवडे आणि तीस वर्षे

न हलण्याने शरीराचे किती नुकसान होते, याचा एक प्रयोग अमेरिकेतील डॅलस शहरात १९६६ साली झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्याआधी व त्यानंतर त्यांची दमश्वासाची ताकद मोजली. ती पुष्कळच घटली होती. पुढे १९९६ साली, म्हणजे तीस वर्षांनी, त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजणी केली. तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती.

पण या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पन्नाशीला आलेल्या त्या पाच जणांना सहा महिने चालणे, हळू धावणे, सायकल चालविणे असा व्यायाम दिला. तीस वर्षांत वयाने गेलेली दमश्वासाची ताकद त्यांनी परत मिळविली. "आता वय झालं, आता काय होणार" असे जे आपण सहज बोलून जातो, त्याला हे उत्तर आहे.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "फादर, आम्ही दिवसभर राबतो. फिरायला जाणे शहरातल्या लोकांचे काम." यात तथ्य आहे, पण अर्धेच.

एक तर आपले राबणे पूर्वीचे राहिलेले नाही. बैलामागे नांगर धरून एकर नांगरताना माणूस कित्येक मैल चालत असे. आज तेच काम ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर करतो. मळणीला यंत्र आले. शेतापर्यंत दुचाकी जाते. गिरणी, बाजार, शाळा, सर्व ठिकाणी दुचाकी. श्रम गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. ते श्रम किती कष्टाचे होते हे ज्यांनी केले त्यांनाच माहीत. पण श्रमाबरोबर चालणेही गेले, आणि ते परत आणायचे तर आता मुद्दाम आणावे लागेल.

दुसरे असे की जे श्रम उरले आहेत ते एकाच तऱ्हेचे आहेत. रोप लावताना आमच्या भगिनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेल्या असतात. भांगलताना तासन्‌तास उकिडवे बसतात. ऊसतोडीला एकाच बाजूला वळून कोयता चालतो. ट्रॅक्टरवर बसलेला दिवसभर हादरे खात बसूनच असतो. अंग दमते, पण सर्व सांधे फिरत नाहीत. काही सांध्यांना अति काम आणि काहींना कामच नाही, असे होते. वर्षभर एकाच पिकाने जमीन जशी थकते, तसेच हे आहे. शरीरालाही फेरपालट लागते.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. खूप वर्षे, रोज कित्येक तास उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून काम केल्याने, विशेषतः सोबत जड ओझी उचलल्याने, गुडघ्याची झीज वाढते हे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. म्हणून "उकिडवे बसणे वाईट" असे कोणी सांगितले तर ते या संदर्भात खरे आहे. परंतु दिवसभर भांगलणे निराळे, आणि दिवसातून आठ-दहा वेळा खाली बसून उठणे निराळे. पहिल्याचा अतिरेक टाळावा. दुसरे सोडू नये.

आफ्रिकेत टांझानिया देशात हाडझा नावाचे शिकारीवर व कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की तेही दिवसाचे नऊ-दहा तास विसावा घेतात, शहरातल्या माणसाएवढाच. फरक इतकाच की ते खुर्चीत बसत नाहीत. उकिडवे, गुडघ्यांवर किंवा जमिनीवर बसतात. अशा बसण्यात पायाचे स्नायू थोडे थोडे जागे राहतात. आपल्या आजोबा-आजीही असेच बसत. मांडी घालून जेवण, ओट्यावर उकिडवे बसून गप्पा, भुईवर अंथरूण. प्रत्येक वेळी खाली जाणे आणि वर येणे आलेच. व्यायाम हा शब्द न उच्चारता तो व्यायाम होत असे.

चालण्याने काय काय होते?

चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. मांडीचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणाने चढणारी साखर कमी चढते. मधुमेह आता आपल्या वाड्या-वस्त्यांवरही घरोघरी आहे, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार वाटला जातो. तोल सुधारतो, झोप चांगली लागते, शौचास साफ होते.

हृदयाच्या बाबतीत एक जुना आणि प्रसिद्ध अभ्यास आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील माणसांची तपासणी केली व १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटे फाडत जिना वर-खाली करणारा, दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी असल्याचे दिसले. तीच बस, तेच शहर. एक बसलेला, दुसरा चालता.

किती चालावे? "दहा हजार पावले" असे हल्ली सर्वत्र ऐकू येते. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचा मापक" असा होता. आकडा लक्षात राहण्यासारखा, म्हणून तो रूढ झाला. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचे सरासरी वय बहात्तर होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. सुमारे ७,५०० पावलांपर्यंत फायदा वाढत गेला. त्यापुढे तो तेवढाच राहिला. म्हणजे वयस्क माणसाने दहा हजारांचा धसका घेऊन घरीच बसण्याचे कारण नाही. मध्यम वेगाने मिनिटाला शंभर पावले होतात, दहा मिनिटांत हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा अर्धा तास, आणि तोही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी चालतो.

आपल्याकडे पायी तीर्थाला जाण्याची रीत आहे. सेंट फ्रान्सिस झेव्हियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी या भागातून भाविक जुन्या गोव्याला पायी जातात. आपले हिंदू शेजारी आळंदीहून पंढरपूरला वारीत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. ही वाटचाल मोठीच आहे. पण वर्षातून एकदा चालून उरलेले महिने दुचाकीवर बसल्यास सांध्यांना त्याचा उपयोग थोडा आणि त्रास अधिक. ज्यांना जायचे आहे त्यांनी दोन महिने आधीपासून सराव धरावा. आणि परत आल्यावर तो सोडू नये.

कसे चालावे?

वेग असा असावा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हात मोकळे हलू द्यावेत. ते पाठीमागे बांधून किंवा मोबाईल धरून चालू नये. नजर समोर ठेवावी. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावेत. सुटी स्लीपर पावसात घात करते.

ज्यांनी बरेच दिवस चालणे सोडले आहे त्यांनी सकाळी दहा व संध्याकाळी दहा मिनिटांनी सुरुवात करावी. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. गुडघा थोडा दुखला तर भिऊ नये. दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत राहिले किंवा गुडघा सुजला, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून मात्रा कमी करावी, पण बंद करू नये.

शेताला रोज एक फेरी पायी घालावी. मोबाईलवरून मोटर चालू होते हे खरे. पण बांधाला खेकड्याने पाडलेले भोक मोबाईलला दिसत नाही. पाईप कोठे गळतो, भाताच्या पानावर करपा आला का, उसात उंदीर शिरला का, हे बांधावरून चालणाऱ्यालाच कळते. बांधाची उंचसखल वाट घोट्याला व तोलाला चांगली शिकवण देते. मात्र अंधारात जाऊ नये. जावेच लागल्यास टॉर्च आणि काठी हाती असावी. मधुमेहाच्या माणसाने अनवाणी मुळीच चालू नये, आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. पायाला जखम असताना पावसाळ्यातल्या चिखलात अनवाणी उतरू नये. उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप, ज्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात, तो अशा जखमेतून शिरू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हापूर्वी चालावे.

दिवसाच्या कामात बसवावयाच्या हालचाली

यासाठी वेगळा वेळ वा खर्च लागत नाही.

१. दिवसातले एक तरी जेवण जमिनीवर बसून करावे. जमत नसेल तर आधी पाटावर, नाही तर दोन पाट एकावर एक ठेवून बसावे, आणि महिन्याभराने एक काढावा. बसताना-उठताना भिंतीचा किंवा स्टुलाचा आधार घेतल्यास लाज मानू नये.

२. खुर्चीवरून हात न लावता उठावे व बसावे. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. मांडीच्या स्नायूंना याहून सोपे काम नाही.

३. कपडे वाळत घालण्याची दोरी थोडी उंच बांधावी. हात डोक्यावर गेल्याने खांदा मोकळा राहतो. मधुमेहाच्या लोकांत खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, त्यांनी हे विशेष करावे.

४. घागर किंवा पिशवी नेहमी एकाच हाती नेऊ नये. ओझे दोन्ही हातांत वाटून घ्यावे. पोते एकट्याने उचलू नये. दोघांनी, गुडघ्यात वाकून, पोते अंगाजवळ धरून उचलावे.

५. रोप लावताना किंवा भांगलताना दर अर्ध्या तासाने उभे राहावे, दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश मागे रेलावे आणि वीस पावले चालावे. भांगलणाऱ्याने कधी उकिडवे, कधी एक गुडघा टेकून, कधी वाकून अशी बैठक बदलत राहावी. गुडघ्याखाली दुमडलेले पोते घ्यावे.

६. ट्रॅक्टरवरून तासाभराने खाली उतरावे. उडी मारू नये; ट्रॅक्टरकडे तोंड करून उतरावे. उतरल्या उतरल्या जड ओझे उचलू नये, आधी थोडे चालावे.

७. दात घासताना एका पायावर उभे राहावे, जवळ भिंत असावी. प्रथम पाच मोजेपर्यंत, मग दहा. दुसऱ्या पायावरही तसेच.

पडल्यावर कसे उठावे?

हा धडा घरातील प्रत्येक वयस्क माणसाने, कोणी तरी जवळ असताना, गोधडीवर करून पाहावा.

पडल्यावर लगेच धडपडू नये. दोन मिनिटे तसेच राहून श्वास घ्यावा आणि हातपाय हलतात का ते पाहावे. खुब्यात तीव्र दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर उठू नये. घरच्यांनीही ओढून उठवू नये, वाहन बोलवावे. सर्व ठीक असल्यास कुशीवर वळावे. हातांवर भार देऊन गुडघे व तळहात जमिनीवर टेकावेत, लहान मूल रांगते तसे. रांगत जवळच्या स्टुलापर्यंत, पायरीपर्यंत किंवा खाटेपर्यंत जावे. दोन्ही हात त्यावर ठेवावेत. जो पाय बळकट आहे त्याचे पाऊल पुढे टेकवावे. मग हातांनी व त्या पायाने रेटा देऊन वर यावे आणि वळून बसावे. उभे राहण्याची घाई करू नये.

आपले शरीर कितपत मोकळे आहे हे पाहण्याची एक सोपी परीक्षा ब्राझीलमधील डॉक्टरांनी तयार केली आहे. उभे राहून जमिनीवर बसायचे आणि परत उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, कोपर जे टेकवाल त्याचा प्रत्येकी एक गुण कापायचा, तोल गेला तर अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या दोन हजार जणांची ही परीक्षा घेतली होती. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. यावरून कोणी घाबरू नये. मिळालेले गुण भिंतीवर लिहून ठेवावेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. ज्यांचे गुडघे बदलले आहेत किंवा ज्यांना चक्कर येते त्यांनी ही परीक्षा करू नये. जमिनीवर बसण्याबाबत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चालताना छातीत दाबल्यासारखे झाले, दम लागून बोलता येईना, सांधा लाल व गरम होऊन सुजला, दुखण्याबरोबर ताप आला, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असले, कमरेतून पायात मुंग्या येऊन पाय लुळा वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवून चालावे. दुखणे थांबविणाऱ्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्याने मूत्रपिंड व जठर बिघडते.

घरातील स्त्रियांविषयी

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०२२ मध्ये आपल्या देशातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करीत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शंभरात सुमारे ४२, तर स्त्रियांत ५७ होते. आमच्या भगिनी आळशी आहेत असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांचे काम चुलीपासून चिखलापर्यंत चालूच असते, पण ते एका जागी वाकून किंवा उभे राहून. संध्याकाळी सूनबाई अर्धा तास चालायला निघाल्या तर "काम नाही वाटतं" असे बोलणारी तोंडे आपल्याच वाड्यांत आहेत. सासूबाईंनी त्यांच्यासोबत निघावे. दोघींचेही भले होईल. आणि तेवढा वेळ घरातील पुरुषांनी पाणी भरावे, भांडी उचलावी. त्यात वाकणे, उचलणे, हात वर नेणे, सर्व काही आहे.

आता त्या काकांविषयी. पडल्यानंतर महिनाभर घरच्यांनी त्यांना खाटेवरून उतरू द्यायचे नाही असे ठरविले होते. प्रेमापोटीच. मी सूनबाईंना वर लिहिलेली प्लास्टरची गोष्ट सांगितली. मग दोन पाटांवर बसण्यापासून सुरुवात झाली. नातू स्टूल धरून शेजारी उभा राहायचा. सुगीच्या दिवसांत मी पुन्हा गेलो तेव्हा काका खळ्यावर एका पाटावर बसले होते. मला पाहून त्यांनी एक हात स्टुलावर ठेवला, डावा पाय पुढे घेतला आणि उठले. वेळ लागला. पण कोणी उचलावे लागले नाही.

"दुचाकी विकली काय, काका?" मी विचारले.

"नाही फादर," ते म्हणाले, "नातवाला दिलीय. मी शेतात चालत जातो."

आज जेवताना पाट मांडा. कोणाकोणाला आधाराशिवाय उठता येते ते घरात सर्वांनी मिळून पाहा. आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी उद्यापासून एक स्टूल जवळ ठेवा.